धूळपाटी, बेंदराचे बैल आणि लिहिणारा हात

बालशिक्षणाच्या इतिहासावर काम करायचं ठरवलंत, की पहिला मोह होतो तो उगम शोधण्याचा. ‘खेळातून लेखनपूर्व तयारी’ या विषयात हा मोह तुम्हाला थेट धूळपाटीपाशी नेतो. पंतोजींच्या शाळेत मूल फळीवर धूळ पसरून अक्षर काढायचं. आज बालवाडीतलं मूल ताटातल्या रव्यात बोट फिरवतं. दिसायला एकच. मग ‘हे आपल्याकडे आधीपासून होतंच’ असं वाक्य प्रबंधात सहज उतरतं. ते उतरू देऊ नका.

साहित्य सारखं, म्हणून हेतू सारखा नसतो. धूळपाटीवर मूल गिरवायचं. अक्षर पंतोजींचं, वळणही पंतोजींचं, आणि चुकलं तर छडी. धूळ वापरायची, कारण ती फुकट मिळते आणि पुसता येते. ताटातल्या रव्यात मात्र अक्षर असायलाच हवं असं नाही. रेघ, गोल, नागमोडी काढताना बोटं आणि मनगट वळायला लागावं, एवढंच तिथं हवं असतं.

मग खेळून तयार झालेला हात सातारा-सांगलीत शोधायचा कुठे? शाळेच्या दप्तरात तो सापडणार नाही. बेंदूर बघा. चिखल मळायचा, त्यातून शिंगं ओढायची, चिमटीनं कान काढायचे. हादग्याला पाटावर हत्ती काढायचा. सागरगोटे झेलायचे, चिंचोके खेळायचे. यातलं काहीच कुणी लिहिता यावं म्हणून करत नव्हतं. हादगा आणि सागरगोटे तर मुलींचेच खेळ, आणि पिढ्यान्‌पिढ्या बहुतेक मुलींच्या हाती पाटी आलीच नाही. त्यांचे हात तयार होते. सावित्रीबाईंचा जन्म याच साताऱ्यातल्या नायगावचा, 1831 चा. तेव्हा ‘तयारी’ हा शब्द वापरताना ती कुणाची आणि पुढे तिचं काय झालं, हेही विचारा.

खेळ आणि लेखन मुद्दाम जोडले गेले ते विसाव्या शतकात. माँटेसरीबाईंनी रोममध्ये 1907 साली बालगृह सुरू केलं. तिथं मुलं खरखरीत अक्षरांवरून बोट फिरवत. आपल्याकडे 1926 मध्ये गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापला. पुढे 1945 मध्ये ताराबाई अनुताई वाघांसह बोर्डीला गेल्या आणि महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, पानं आली.

आपल्या भागातला माझा आवडता धागा फलटणचा आहे. मॅक्सिन बर्नसन संशोधक म्हणून आल्या त्या फलटणची मराठी अभ्यासायला, आणि तिथंच राहिल्या. त्यांच्या प्रगत शिक्षण संस्थेच्या शाळेचं नाव कमला निंबकर बालभवन. या कमलाबाईंनी 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं भारतातलं पहिलं विद्यालय सुरू केलं. पेन्सिल नीट धरता न येणाऱ्या मुलाला आज याच शास्त्राच्या तज्ज्ञाकडे पाठवतात. अर्थात, नावावरून प्रभाव सिद्ध होत नाही. पण प्रश्न मिळतो: हाताबद्दलची ही वैद्यकीय भाषा मराठी बालशिक्षणात कधी शिरली? कुणीतरी घ्या हा विषय.

आणि कागद शोधताना एक लक्षात ठेवा. 1949 ते 1960 या काळात ‘सांगली जिल्हा’ सापडणार नाही, ‘दक्षिण सातारा’ म्हणून शोधा. त्याआधीचं बरंच काही संस्थानांच्या दप्तरात आहे. आटपाडीची शाळा हवी असेल, तर औंधचे कागद काढावे लागतील.