खानेसुमारीत पणजोबा सापडतील का? पेण-रोह्याच्या घराण्यांचा शोध

व्याख्यान संपलं की आम्हांला हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आहे. "आमचं मूळ गाव पेण तालुक्यात. पणजोबांच्या मागचं काही ठाऊक नाही. इंग्रजांनी खानेसुमारी केली होती ना? त्यात नाव सापडेल का?" रोह्याकडची मंडळीही हेच विचारतात. आज या एकाच प्रश्नावर बोलू.

सरळ उत्तर आहे, नाही सापडणार. पण का नाही, आणि मग कुठे सापडेल, हे बघताना पेण-रोह्याचा बराच इतिहास हाती लागतो.

ही अपेक्षा येते कुठून? परदेशातल्या नातेवाइकांकडून. इंग्लंडमध्ये 1921 च्या जनगणनेचे घरोघरचे तक्ते शंभर वर्षं पूर्ण झाल्यावर, जानेवारी 2022 मध्ये लोकांसाठी खुले झाले. अमेरिकेत ही मुदत 72 वर्षांची आहे, म्हणून 1950 चे तक्तेही 2022 मध्येच उघडले. तिथला माणूस घरबसल्या पणजोबांचं नाव, वय, धंदा वाचतो. साहजिकच आपल्याला वाटतं, आपलंही असेल कुठेतरी.

गणती आपल्याकडेही झाली. 1872 मध्ये पहिली, आणि 17 फेब्रुवारी 1881 च्या रात्री सगळ्या देशाची एकाच वेळी. गणक दारात आला, त्याने नाव, वय, लग्न झालंय की नाही, धर्म, जात, मातृभाषा, जन्मस्थान, धंदा, लिहिता-वाचता येतं का, हे सगळं विचारलं. पेणच्या बाजारपेठेत विचारलं, कुंडलिकेच्या काठी रोह्यात विचारलं. म्हणजे तुमच्या खापरपणजोबांचं नाव एका रात्री कागदावर उतरलं होतं, हे खरं. पण सरकारला नाव नको होतं, आकडा हवा होता. तक्त्यांवरून बेरजा झाल्या, बेरजांची पुस्तकं छापली गेली आणि मूळ तक्ते जपून ठेवले गेले नाहीत. पुढे स्वतंत्र भारताच्या 1948 च्या जनगणना कायद्याने, कलम 15 प्रमाणे, माणसामाणसाची ही नोंद कुणालाही पाहता येत नाही आणि कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. इंग्लंड-अमेरिकेसारखी मुदत संपल्यावर ती उघडण्याची तरतूद या कायद्यात नाही.

मग जनगणनेचे छापील खंड बिनकामाचे का? अजिबात नाही. पणजोबांचं नाव त्यांत नसेल, पण पणजोबांचा काळ आहे. एक उदाहरण घ्या. आजच्या भारताच्या हद्दीत 1911 साली सुमारे 25 कोटी 20 लाख लोक होते, 1921 साली सुमारे 25 कोटी 13 लाख. दहा वर्षांत माणसं वाढण्याऐवजी घटली, असं हे एकच दशक. त्यातलं मोठं कारण 1918 चा इन्फ्लुएंझा, आणि मुंबई इलाख्याला त्याचा तडाखा फार जबर बसला. तुमच्या वंशावळीत त्या सुमारास दोन-तीन नावं एकदम थांबत असतील, किंवा "आजोबांना मामांनी वाढवलं" असं घरात सांगत असतील, तर ही साथ आठवा. शिवाय 1951 पासूनच्या जिल्हा जनगणना पुस्तिकांत गावागावाचे आकडे मिळतात. गाव रिकामं कधी होत गेलं, मुंबईची वाट कधी धरली, याचा अंदाज त्यावरून येतो.

आता नावांकडे वळू. नावं सापडतात ती जमिनीच्या कागदांत. 1903 च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंद सुरू झाली आणि तिच्याबरोबर फेरफार आले. खातेदार वारला की तलाठी लिहितो, अमुक मयत, वारस अमुक, अमुक, अमुक. एकेक फेरफार म्हणजे एकेका पिढीची यादीच. आजच्या सातबाऱ्यावर फेरफारांचे क्रमांक असतात. एकेक क्रमांक धरून मागे जायचं. त्याच्या जोडीला गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो. त्यात बहुधा जातही लिहिलेली असते. आणि शाळेचं जनरल रजिस्टर. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम सुरू झाल्यावर कुणबी नोंदींसाठी राज्यभर हीच दप्तरं पुन्हा उघडली गेली. त्यातलं बरंचसं मोडीत आहे, तेव्हा मोडी वाचणारा माणूस गाठीशी हवा.

शोधताना एक खबरदारी घ्या. 'रायगड जिल्हा' हे नाव 1981 पासूनचं, त्याआधी कुलाबा. पेण तालुक्याचं जुन्या कागदांतलं नाव सांकशी. जुन्या नावाने न शोधल्यामुळे रिकाम्या हाताने परत आलेली मंडळी आम्ही पाहिली आहेत. काहींच्या बाबतीत तर आडनाव हाच कागद होतो. इस्रायलमध्ये गेलेल्या बेने इस्रायली कुटुंबांत आजही पेणकर, रोहेकर, अष्टमकर अशी आडनावं आहेत. यांतलं अष्टमकर रोह्याच्या जोडगावावरून, अष्टमीवरून आलेलं. गाव सुटलं, पण त्याचा पत्ता आडनावात राहिला.

आता खरा मुद्दा. जमिनीच्या कागदात नाव कुणाचं? ज्याची जमीन त्याचं. वतनदार घराण्यांकडे सनदा आहेत, महजर आहेत, पुण्याच्या पुराभिलेखागारात त्यांची दप्तरं आहेत. पण पेणच्या खारेपाटात बांध घालून, खारं पाणी अडवून ज्यांनी भात पिकवलं, त्यांतले कितीतरी कुळं होते. पेणला लागून असलेल्या अलिबाग तालुक्यात, चरी गावी, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली 1933 ते 1939 शेतकऱ्यांचा संप चालला. डॉ. आंबेडकरांनी 1937 मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. पुढे 1948 चा कूळकायदा आला आणि 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनाला कुळं मालक मानली गेली. म्हणून अनेक आगरी-कुणबी घरांचा शोध 1957 च्या आसपास येऊन अडखळतो. त्याआधी कुळाच्या रकान्यात नाव असलं तर नशीब. घराणं जुनंच असतं, नवा असतो तो त्याचा कागद.

बायकांचं काय? 1881 च्या गणतीत घरच्यांनी बाईचं नाव सांगायला का-कू केली, तर नुसतं 'स्त्री' लिहिण्याची मुभा होती. फेरफारात विधवेचं नाव येतं. आणि बहिणींचं? पुष्कळ घरांत बहिणीचं नाव पहिल्यांदा ठळक दिसतं ते हक्कसोडपत्रावर. म्हणजे जमिनीवरचा हक्क सोडला, त्या दिवशी तिची नोंद झाली. वंशावळ काढताना हे वाचून थोडं थांबावं, असं आम्हांला वाटतं.

आणि शेवटी कातकरी. पेण, रोहा, सुधागडच्या वाड्यांवर राहणारा, पूर्वी कात पाडणारा, नंतर कोळसाभट्टीवर आणि वीटभट्टीवर जाणारा हा समाज. प्रत्येक गणतीत तो मोजला गेला, कुलाब्याच्या 1883 च्या गॅझेटिअरमध्ये त्याच्यावर मजकूर आहे. पण सातबारा नाही, म्हणून फेरफार नाही. भट्टीच्या हंगामात गाव सोडायचं, म्हणून शाळेचा दाखलाही उशिरा. आणि आज त्याच्या नातीला जमातीच्या दाखल्याची पडताळणी करायची तर 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा कागद पुढे येतो. ज्या सरकारने तिच्या पणजोबांना दर दहा वर्षांनी मोजलं, त्याच सरकारदरबारी तिला पणजोबा सिद्ध करावे लागतात. आपल्यापैकी काहींसाठी वंशावळ हा हौसेचा विषय असेल. तिच्यासाठी कॉलेजातली जागा त्यावर अवलंबून असते.

तेव्हा मंडळी, तलाठ्याकडे जाण्याआधी घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाजवळ बसा. माहेरची नावं विचारा, कोणाची जमीन कसत होतो ते विचारा, साथीत कोण गेलं ते विचारा. सांगितलेलं तारखेसह लिहून ठेवा. कागद दप्तरात आणखी काही वर्षं टिकेल, आजीचं तसं नाही. आणि शोधताना वाडीवरच्या कुणाची नोंद तुमच्या नजरेस पडली, तर तिचा क्रमांक टिपून त्या घरी जरूर पोचवा.