सईबाईंचा कान

सई परांजपे म्हटलं की लोकांना ‘स्पर्श’, ‘चश्मे बद्दूर’ आणि ‘कथा’ आठवतात. दूरदर्शनचं नाव निघालंच तर ‘अडोस पडोस’पुरतं. मला मात्र वाटतं, या बाईंचे सिनेमे नीट कळायला हवे असतील तर त्याआधीची वर्षं पाहावी लागतील. ती सुरू होतात पुण्याच्या आकाशवाणी केंद्रात.

तिथं त्या निवेदिका होत्या, मुलांचे कार्यक्रमही करायच्या. लेखन त्याहून जुनं. ‘मुलांचा मेवा’ हे पुस्तक निघालं तेव्हा लेखिकेचं वय होतं आठ! आई शकुंतला परांजपे, आजोबा रँग्लर परांजपे, वडील रशियन चित्रकार. पुढे १९६३ साली राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचं शिक्षण पूर्ण केलं आणि मग दिल्लीचं दूरदर्शन.

रेडिओकडून टीव्हीकडे जाणं तेव्हा घर बदलण्यासारखं नव्हतं, नुसती खोली बदलायची. १९५९ साली दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं ते आकाशवाणीच्याच छत्राखाली. दोघांची वाटणी झाली १९७६ साली. ‘निर्माता’ हा शब्दही तिथं वेगळा. सिनेमात निर्माता म्हणजे पैसेवाला. सरकारी केंद्रावर निर्माता म्हणजे कल्पना सुचण्यापासून कार्यक्रम पडद्यावर येईपर्यंत सगळं निस्तरणारा माणूस. सईबाई लेखक, दिग्दर्शक, निर्माता अशा तिन्ही झाल्या त्या याच तालमीत. १९७२ साली त्यांच्या ‘द लिटल टी शॉप’ला तेहरानमध्ये आशियाई प्रसारण संघाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, त्याच्या उद्घाटनाच्या कार्यक्रमाची जबाबदारीही त्यांच्याकडेच आली.

आता ‘स्पर्श’ आठवा. अंधशाळेचे मुख्याध्यापक अनिरुद्ध डॉक्टरकडे निघालेत, वाटेत एका बाईचं गाणं कानावर पडतं आणि पावलं तिच्या दाराशी जातात. नंतर एका घरगुती मेजवानीत ते तिला ओळखतात तेही आवाजावरून. प्रेम आवाजावर जडवायचं, ही कल्पना रेडिओवर कान तयार झालेल्या लेखिकेलाच सुचावी. शिवाय चित्रपट दयेच्या वाटेला जात नाही. मदतीचा हात पुढे आला की अनिरुद्ध चिडतो आणि लेखिका त्याला चिडू देते. पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार सईबाईंना मिळाला, अभिनयाचा नसीरुद्दीन शाहांना.

‘चश्मे बद्दूर’ १९८१चा. नावाचा अर्थ पुष्कळांना ठाऊक नसतो: वाईट नजर दूर राहो. फारसीतला हा आशीर्वाद आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका अजून सहज देतात. या चित्रपटातले लल्लन मियाँ मला फार आवडतात. पोरांना उधारीवर सिगारेटी देणारा पानवाला, सईद जाफरींनी केलेला. हिंदी पडद्यावरचा मुसलमान एरवी एक तर नवाब असायचा, नाही तर कव्वाल. इथं तो वसुलीची चिंता असलेला साधा दुकानदार आहे आणि बोलतो तेही दुकानदारासारखं. एवढं साधायलाही कान लागतो.

हा चित्रपट ज्यातून उगवला तो सईबाईंचा ‘धुआँ धुआँ’ हा दूरदर्शनचा कार्यक्रम. त्या काळी टेपा महाग. एक कार्यक्रम पुसायचा आणि त्याच टेपेवर दुसरा घ्यायचा, ही रोजची रीत होती. त्याआधी तर बरंचसं थेटच प्रक्षेपित व्हायचं. म्हणजे लेखकानं लिहावं, नटांनी करावं, एकदा दिसावं आणि संपावं. नाटकाची संहिता तरी छापली जाते. ‘जास्वंदी’, ‘सख्खे शेजारी’ ही त्यांची मराठी नाटकं आज कुणी उभी करू शकेल. दूरदर्शनच्या लेखकाच्या नशिबी तेही नाही. कारकीर्द मोजताना आपण उरलेल्या रिळांवरून मोजतो, आणि तिथंच सईबाईंवर अन्याय होतो.

‘चश्मे बद्दूर’ २०१३ साली पुन्हा चित्रपटगृहांत लागला, नव्या पिढीनं तिकिटं काढून पाहिला. ‘धुआँ धुआँ’ पाहिलेला माणूस मात्र मला अजून भेटायचाय.