लाल कॅनरीची पैदास

कॅनरी हा मूळचा कॅनरी बेटे, मदेरा आणि अझोर्स येथील चिमणीएवढा गाणारा पक्षी. रानातल्या नराची छाती हिरवट पिवळी असते आणि पाठीवर तपकिरी रेघा असतात. पिवळा रंग कॅरोटिनॉइडांचा. ती पक्ष्याला अन्नातूनच मिळतात. रेघा मेलॅनिनच्या; ते शरीरातच तयार होते. पीस कूपातून वाढत असताना मेलॅनिन कुठे उतरते, कुठे उतरत नाही, त्यावर नक्षी ठरते. वाढ पुरी झाली की पीस निर्जीव होते. नवा रंग यायचा तर ते गळून नवे पीस फुटावे लागते.

१५व्या शतकात स्पेनने कॅनरी बेटे जिंकल्यावर हे पक्षी युरोपात पोचले. पिंजऱ्यातल्या पैदाशीत मेलॅनिन कमी असलेले पक्षी निवडले जाऊ लागले आणि पिढ्यान्‌पिढ्यांनी निखळ पिवळा वाण तयार झाला. १८७०च्या दशकात इंग्लंडमधील पाळणाऱ्यांनी पिसे गळण्याच्या दिवसांत लाल मिरची चारून नारिंगी कॅनरी प्रदर्शनांत मांडले. मिरचीतले लाल कॅरोटिनॉइड वाढत्या पिसात उतरत असे. पुढच्या खेपेला मिरची दिली नाही, की पक्षी पुन्हा पिवळा होई.

जर्मनीतील ब्रेमेनचे शाळाशिक्षक हान्स डुंकर यांना हा लाल रंग आनुवंशिक हवा होता. १९२०च्या दशकात त्यांनी दक्षिण अमेरिकेतील तांबड्या सिस्किन पक्ष्याचा कॅनरीशी संकर घडवला. संकरित माद्या वांझ निघत, पण काही नर प्रजननक्षम असत. त्यांचा कॅनरी माद्यांशी पुन्हापुन्हा संकर करूनही पिल्ले तांबूस नारिंगीच्या पुढे गेली नाहीत. डुंकर यांची सारी भिस्त आनुवंशिकतेवर होती; आहाराची बाजू त्यांच्याकडून सुटली. पुढच्या पैदासकारांनी याच वाणाला कॅरोटिनॉइडयुक्त खाद्य दिले, तेव्हा कॅनरी खऱ्या अर्थाने लाल झाला.

यामागचे जनुक २०१६मध्ये सापडले. सिस्किनकडून आलेले सीवायपी२जे१९ हे जनुक पिवळ्या कॅरोटिनॉइडांचे लाल कॅरोटिनॉइडांत रूपांतर करणारे विकर तयार करते. जनुक असून खाद्यात कॅरोटिनॉइड नसेल, तर लाल रंग येत नाही. दोन्ही जुळावे लागतात.

या छंदाची किंमत मात्र सिस्किनने मोजली. पिंजऱ्यांच्या व्यापारासाठी व्हेनेझुएलात तो इतका पकडला गेला, की आज त्याची गणना संकटग्रस्त पक्ष्यांत होते.