पोहेहारातले पोहे आधी कुणी पाहिले?

संशोधनाचा विषय शोधताय? मग दफ्तरखान्यात जायच्या आधी एकदा आजीचा दागिन्यांचा डबा उघडा.

बोरमाळ, जोंधळी पोत, पोहेहार, चिंचपेटी. वाण्याची यादी वाचतोय की काय, असं वाटतं ना? बोरमाळेचे मणी बोरासारखे गोल. वर सोन्याचा पातळ पत्रा, आत लाख. म्हणजे थोड्या सोन्यात भरगच्च माळ. जोंधळी पोतीचे मणी जोंधळ्याच्या दाण्यांएवढे. आज ज्याला आपण डिझायनर म्हणतो, ते काम करणाऱ्या सोनारांची नावं आपल्याला सहसा माहीत नसतात. हाती उरतात ती दागिन्यांची नावं.

पण इथंच घसरायला होतं. पेण हे पोह्यापापडांचं गाव. मी पहिल्या आराखड्यात ठोकून दिलं होतं, 'पोहेहाराची प्रेरणा इथल्या पोह्यांतून आली.' मार्गदर्शकांनी समासात एकच शब्द लिहिला: 'कशावरून?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. सोनाराने पोहे पाहून पाकळी चपटी केली, की चपटी पाकळी पाहून बायकांनी तिला पोहे म्हटलं? चिंचपेटीत चौकोनी पेट्या लगेच दिसतात, चिंच मात्र शोधावी लागते. नाव हा पुरावा आहेच, पण तो नाव रूढ करणाऱ्यांच्या रोजच्या जगण्याचा. घडवणाऱ्याच्या मनात काय होतं, ते नाव एकटं सांगत नाही.

आता पुतळ्यांची माळ घ्या. इथे पुरावा जास्त भक्कम आहे. व्हेनिसचं सोन्याचं डुकाट नाणं 1284 पासून पाडलं जात होतं. त्याच्या एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख, दुसऱ्या बाजूला उभा ख्रिस्त. व्यापारातून हे नाणं इकडे आलं, त्यावरच्या आकृत्यांमुळे 'पुतळी' झालं, माळेत ओवलं गेलं. पुढे त्याच्या नकला इथेच घडल्या आणि त्यांवर लक्ष्मीही आली. नाणं आणि नक्कल शेजारी ठेवून तुलना करता येते.

म्हणून लगेच रोह्याकडे धावू नका! रोहा कुंडलिकेकाठी, आणि तिच्या मुखाशी रेवदंडा-चौल हे जुनं बंदर. पुतळी याच वाटेने वर आली असेल, हे शक्य आहे. पण शक्य म्हणजे सिद्ध नव्हे. नकाशा प्रश्न सुचवतो. उत्तरासाठी नोंद लागते.

तिसरं साधन पेणच्या गणेशमूर्तींचं. पेण, हमरापूर, जोहे इथले कारागीर मूर्तीवर हार, तोडे, बाजूबंद रंगवतात. कोणत्या काळात कोणते दागिने शोभिवंत वाटत होते, हे त्यातून कळू शकतं. अडचण एवढीच, की हा पुरावा दरवर्षी पाण्यात जातो. उरतात ते कारखान्यातले साचे आणि घरोघरचे उत्सवाचे फोटो. ते मात्र अजून मिळतात. जुना साचा फुटला की फेकला जातो, फोटोंच्या मागची तारीख पुसट होत जाते. त्यामुळे घाई करायचीच असेल, तर इथे करा.

या आठवड्यात घरातला एक दागिना निवडा आणि तीन रकाने आखा: नाव, आकार, घडण. प्रत्येक विधानापुढे 'कशावरून?' लिहा. जिथे उत्तर अडेल, तिथेच तुमचा विषय सुरू होतो.