खडकी ते औरंगाबाद : सरहद्दीवरील एक शहर

औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपति संभाजीनगर, हें मोगली वैभवाचें शहर म्हणून सर्वांस ठाऊक आहे. तथापि त्याची उत्पत्ति व स्थित्यंतरें पाहतां, तें मूलतः सरहद्दीचें ठाणें होय, असें म्हणावें लागतें.

प्रथम स्थान पाहूं. शहर खाम नदीच्या खोऱ्यांत वसलें असून त्याच्या उत्तरेस व दक्षिणेस डोंगर आहेत. वायव्येस सुमारें ९ मैलांवर देवगिरीचा दुर्ग आहे. उत्तरेस अजिंठ्याचे घाट उतरून खानदेश व बऱ्हाणपूर गांठतां येतें. दक्षिणेस पैठणाजवळ गोदावरी लागते. मोगलांनीं अहमदनगरचा किल्ला इ. स. १६०० त व असीरगड १६०१ त घेतल्यावर निजामशाहीस उत्तरेकडे तोंड करून उभें राहणें प्राप्त झालें. मलिक अंबरानें १६१० च्या सुमारास खडकी वसविली ती याच प्रसंगीं. डोंगराकडील पाणी भूमिगत नहरानें शहरांत आणून त्यानें तेथें मोठी वस्ती शक्य केली. १६१६ त व पुनः १६२१ त मोगली फौजांनीं खडकी जाळली. तरी ती पुनः उभी राहिली. १६२६ त अंबर वारल्यावर त्याचा पुत्र फत्तेखान यानें तिला फत्तेनगर हें नांव दिलें.

१६३३ त दौलताबाद पडलें आणि शहराचें तोंड फिरलें. जें मोगलांविरुद्ध ठाणें होतें, तेंच दक्षिण जिंकण्याचें मोगलांचें ठाणें झालें. १६५३ त औरंगजेबानें त्यास आपलें नांव दिलें. १६६७ त शहाजादा मुअज्जमच्या भेटीस संभाजीराजे आले ते येथेंच. १६७९ त शिवछत्रपतींनीं पूर्वेकडील जालना लुटलें. १६८२ त शहरास तट घालण्यांत आला. सुरक्षित मुलखाच्या पोटांतील शहरास तटाची एवढी निकड नसते.

१७२४ नंतर निजामुल्मुल्क स्वतंत्र झाला. १७६३ च्या ऑगस्टांत राक्षसभुवन येथें माधवराव पेशव्यांनीं निजामाच्या फौजेचा मोड केला. नंतरचा तह औरंगाबादेसच झाला. त्याच सुमारास निजामाची राजधानी हैदराबादेस गेली व शहर पुनः कडेस पडलें. पुढें इंग्रजी अमलांत गोदावरीच हद्द ठरली : अलीकडे कायगांव निजामाचें, पलीकडे टोकें अहमदनगर जिल्ह्याचें. १९४८ पर्यंत ही स्थिति होती.

सरहद्दीनें जमिनीप्रमाणें कागदही विभागले, हा या लेखाचा मुख्य मुद्दा. मोगली सुभ्याचीं फारसी दप्तरें हैदराबादेकडे, तर मराठी पत्रव्यवहार पुण्याच्या पेशवे दप्तरांत. एकाच प्रसंगाचीं दोन अंगें दोन लिपींत, दोन गांवीं पडलीं. म्हणून केवळ मोडी वाचणारास हें शहर शत्रूचा तळ दिसतें आणि केवळ फारसी वाचणारास सुभ्याची राजधानी. सरहद्द दिसण्यास दोन्ही हवेत.

कागद किती सहज नाहींसे होतात यासही याच शहराची साक्ष आहे. ‘मआसिर-उल-उमरा’ या मोगली सरदारांच्या चरित्रकोशाचा कर्ता शाहनवाजखान १७५८ त येथें मारला गेला. त्याचें घर लुटलें गेलें व हस्तलिखिताचीं पानें विखुरलीं. त्याचे मित्र आझाद बिलग्रामी यांनीं तीं शोधून जुळविलीं, म्हणून तो ग्रंथ आज आहे. गोदावरीच्या दोन्ही तीरांवरील घराण्यांनीं व संग्राहकांनीं आपापले रुमाल सोडून पाहिले, तर या शहराच्या इतिहासाचीं विखुरलेलीं पानेंही तशींच जुळतील.