विमानामागचे अदृश्य भोवरे

वरळी कोळीवाड्यातील लहान होडीच्या तांडेलाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. मोठी बोट वेगाने पुढून गेली, की तिच्यामागे लगेच होडी घालायची नाही. उठलेली लाट बाजूवर आली, तर होडी कलंडण्याचा धोका असतो. लाट निवळेपर्यंत थांबणे, हाच शहाणपणा. माहीमच्या उपसागरापलीकडे, सांताक्रूझच्या आकाशातही हाच नियम पाळला जातो. फरक इतकाच, की समुद्रातली लाट डोळ्यांना दिसते. विमानामागचा भोवरा सहसा दिसत नाही.

भोवरा निर्माण कसा होतो?

विमान हवेत तरंगते, ते पंखांखालील दाब वरच्या बाजूपेक्षा अधिक असल्यामुळे. पंखांच्या टोकांशी खालची हवा वरच्या बाजूकडे वळते आणि विमानामागे परस्परविरुद्ध दिशांनी फिरणारे दोन भोवरे तयार होतात. यालाच ‘वेक टर्ब्युलन्स’ म्हणतात. विमान जितके जड आणि वेग जितका कमी, तितके भोवरे प्रबळ. म्हणूनच उतरण्याची वेळ नाजूक असते. भोवरे मिनिटाला साधारण ३०० ते ५०० फूट या गतीने खाली सरकतात. जमिनीजवळ आल्यावर ते दोन्ही बाजूंना पसरतात. परंतु आडवा मंद वारा असेल, तर त्यातील एक धावपट्टीवरच रेंगाळू शकतो. जोरदार वाऱ्यापेक्षा शांत हवा येथे अधिक फसवी ठरते.

नियम कसे आले?

३० मे १९७२ रोजी अमेरिकेत फोर्ट वर्थ येथे प्रशिक्षण उड्डाणावरील एक डीसी-९ विमान, नुकत्याच पुढे गेलेल्या डीसी-१० विमानाच्या भोवऱ्यात सापडून उतरतानाच उलटले. विमानातील चौघेही मृत्युमुखी पडले. महाकाय विमानांचे युग तेव्हा नुकतेच सुरू झाले होते. या अपघातानंतर दोन विमानांमधील अंतराचे नियम कडक करण्यात आले.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या प्रचलित वर्गवारीनुसार कमाल उड्डाण-वजन ७ हजार किलोपर्यंत असलेली विमाने ‘हलकी’, १ लाख ३६ हजार किलो वा त्याहून अधिक वजनाची ‘जड’ आणि मधली ‘मध्यम’ ठरतात. एअरबस ए-३८०साठी ‘सुपर’ हा स्वतंत्र वर्ग आहे. नियंत्रकाशी प्रथम संपर्क साधताना वैमानिकाने आपल्या विमानाच्या नावापुढे ‘हेवी’ किंवा ‘सुपर’ म्हणायचे, ते यासाठीच.

जड विमानामागे जड विमान येत असेल तर ४ सागरी मैल, मध्यम असेल तर ५ आणि हलके असेल तर ६ सागरी मैल अंतर आवश्यक असते. मध्यम विमानामागे हलके असल्यास ५ मैल. ए-३८०मागे मध्यम विमानाला ७, तर हलक्या विमानाला ८ मैल मागे राहावे लागते. ५ सागरी मैल म्हणजे सव्वानऊ किलोमीटर. वरळीच्या किल्ल्यापासून मुंबई विमानतळापर्यंतचे सरळ रेषेतील अंतर जवळपास तेवढेच भरते.

मुंबईची अडचण

मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. ८ डिसेंबर २०१८ रोजी या विमानतळावर २४ तासांत १,००७ विमानांची ये-जा झाली. अशा ठिकाणी प्रत्येक सेकंद मोलाचा. १४० नॉट वेगाने येणाऱ्या विमानाला ३ मैल कापण्यास सुमारे ७७ सेकंद लागतात, तर ५ मैलांना सुमारे १२९ सेकंद. म्हणूनच शक्य तेथे एकाच वर्गातील विमाने पाठोपाठ आणणे आणि दोन विमानांमधील मोकळ्या जागेत एखादे उड्डाण सोडणे, हे नियंत्रकाचे कसब. उड्डाणालाही नियम आहेच. जड विमान उडाल्यावर त्याच ठिकाणाहून मागचे मध्यम वा हलके विमान सोडण्यास दोन मिनिटे थांबावे लागते. आकाशात घिरट्या घालणाऱ्या विमानातील प्रवासी वैतागतो. पण त्या घिरट्यांमागे कधी कधी हेच कारण असते.

उंचावरही धोका

धोका केवळ धावपट्टीजवळच असतो असे नाही. ७ जानेवारी २०१७ रोजी मालेहून बर्लिनकडे निघालेले एक चॅलेंजर ६०४ जातीचे खासगी जेट अरबी समुद्रावरून जात असताना, हजार फूट वरून विरुद्ध दिशेने एक ए-३८० विमान गेले. हे अंतर नियमानुसार पुरेसे होते. तरीही थोड्याच वेळात ते जेट भोवऱ्यात सापडून अनेकदा गरगरले आणि सुमारे ९ हजार फूट खाली आले. वैमानिकांनी ते सावरून मस्कतला उतरवले. प्रवासी जखमी झाले आणि विमान दुरुस्तीपलीकडे गेले.

पुढे काय?

वजनाच्या तीन-चार वर्गांऐवजी पंखांची लांबीही विचारात घेऊन सात गट करण्याची पद्धत आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये स्वीकारली. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर २०१५ पासून समोरून जोरदार वारा असताना मैलांऐवजी सेकंदांत अंतर राखले जाते. अंतर कमी करण्याचे मार्ग शोधले जात आहेत. परंतु प्रत्येक मार्गाची कसोटी एकच आहे. पुढच्याची लाट मागच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी निवळली पाहिजे. कोळीवाड्यातील तांडेलाचा हिशेबही याहून वेगळा नसतो.