केवलादेव घना येथील हंगामी क्षेत्रीय पथके : पाणथळ प्रदेशाच्या निरीक्षणाचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

आपल्या इतिहासलेखनात किल्ले, राजवाडे आणि लढाया यांना जे स्थान मिळाले, ते तळी, दलदली आणि पाणथळ प्रदेशांना मिळालेले नाही. वर्षातील काही महिने पाण्याखाली आणि काही महिने कोरडी असणारी ही जमीन महसुली दप्तरात बहुधा 'पडीक' म्हणूनच नोंदली गेली. २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर येथे झालेल्या करारानंतर पाणथळ प्रदेशांना आंतरराष्ट्रीय महत्त्व प्राप्त झाले. ओडिशातील चिलिका सरोवर आणि राजस्थानातील भरतपूरजवळचे केवलादेव घना ही भारतातील पहिली दोन रामसर स्थळे होत. तथापि, अशा प्रदेशांविषयीचे ज्ञान कोणी, कसे आणि कोणत्या परिस्थितीत गोळा केले, या प्रश्नाकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. दरवर्षी ठरावीक हंगामात तंबू ठोकून राहणारी, पक्षी मोजणारी व पाण्याची पातळी नोंदविणारी क्षेत्रीय पथके हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी केवलादेव घना येथील १९५९ ते १९९१ या कालखंडाचा प्रामुख्याने विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. पाणथळ प्रदेशातील हंगामी निरीक्षणाची पद्धत भारतात कशी विकसित झाली याचा आढावा घेणे.
२. पथकप्रमुख, शास्त्रज्ञ आणि स्थानिक साहाय्यक यांच्यातील संबंध तपासणे.
३. दीर्घकालीन नोंदींचा संरक्षणविषयक धोरणावर झालेला परिणाम स्पष्ट करणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

केवलादेव घना हे पूर्णतः नैसर्गिक सरोवर नव्हे. अठराव्या शतकात भरतपूरचा जाट राजा सूरजमल याच्या काळात अजान बांध बांधला गेला. या बांधाचे पाणी पावसाळ्यात सखल भागात सोडले जाई. पुढे संस्थानिकांनी लहान बांध घालून या भागाचे खंड पाडले व तेथे बदकांच्या शिकारीचे राखीव क्षेत्र निर्माण केले. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या उपस्थितीत झालेल्या एकाच शिकारीत ४,२७३ पक्षी मारले गेले, अशी नोंद आहे. या प्रदेशातील पक्ष्यांची पहिली पद्धतशीर मोजदाद मारलेल्या पक्ष्यांची होती, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. १९५६ मध्ये येथे अभयारण्य घोषित झाले.

जिवंत पक्ष्यांची गणना करणारी परंपरा मुंबईशी जोडलेली आहे. १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कार्यात डॉ. सलीम अली (१८९६–१९८७) यांचे स्थान मध्यवर्ती होते. १९४५ मध्ये कच्छचे महाराव विजयराजजी यांच्या साहाय्याने त्यांनी मोठ्या रणातील रोहित पक्ष्यांच्या वसाहतीचे निरीक्षण केले. रस्ता नाही, गोडे पाणी नाही आणि वस्तीही नाही, अशा ठिकाणी जाण्यासाठी वाटाड्या, जनावरे, पाण्याचा साठा आणि ऋतूचे अचूक भान या सर्वांची आवश्यकता होती. क्षेत्रीय पथकाचे नेतृत्व म्हणजे केवळ शास्त्रीय नेतृत्व नसून ते निर्वाहाचेही नेतृत्व असते, हे या मोहिमेवरून दिसून येते.

पक्षी स्थलांतर प्रकल्प आणि मीरशिकार

१९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलातील तापाचा विषाणू आढळला. त्याचे रशियातील एका विषाणूशी साम्य असल्याने, स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांमार्फत तो आला असावा काय, असा प्रश्न उपस्थित झाला. या पार्श्वभूमीवर १९५९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सोसायटीचा पक्षी स्थलांतर प्रकल्प सुरू झाला व भरतपूर हे त्याचे एक प्रमुख केंद्र बनले.

पक्षी जिवंत पकडणे, त्याच्या पायात क्रमांकाचे कडे घालणे, मोजमाप घेणे आणि त्यास इजा न होता सोडून देणे असे या कार्याचे स्वरूप होते. विद्यापीठीय शिक्षण घेतलेल्या संशोधकांना हे कसब अवगत नव्हते. ते बिहारमधील मीरशिकार समाजाकडे होते. जाळी, फासे आणि चिकट लेप लावलेल्या बांबूच्या काठ्या वापरून पक्षी पकडणे हा या समाजाचा परंपरागत व्यवसाय होता. भरतपूरला कडी घातलेली बदके पुढे तत्कालीन सोव्हिएत संघाच्या भूमीवर सापडली व स्थलांतराचे मार्ग स्पष्ट होऊ लागले. या निष्कर्षांचे श्रेय अहवालांच्या लेखकांना मिळाले. मात्र ज्यांच्या हातांनी पक्षी पकडला व सोडला, त्या बहुसंख्य साहाय्यकांची नावे इतिहासात नोंदली गेली नाहीत.

पुढे या प्रकल्पास अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय संशोधनाशी संबंधित कार्यक्रमातून अर्थसाहाय्य मिळाले. त्यामुळे १९७० च्या दशकात त्याच्या हेतूविषयी शंका व्यक्त झाल्या आणि १९७५ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीने परकीय साहाय्यावरील अशा संशोधनाची दखल घेतली. नोंदवही कोण लिहितो याइतकाच, ती अखेर कोणाच्या हाती जाते हाही प्रश्न महत्त्वाचा असतो, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

चराईबंदी आणि दहा वर्षांच्या नोंदी

१९८० मध्ये सोसायटीने केवलादेव येथे दीर्घकालीन परिसंस्था-अभ्यास हाती घेतला. डॉ. व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखालील या अभ्यासाचा अंतिम अहवाल १९९१ मध्ये सादर झाला. सुमारे २९ चौरस किलोमीटरच्या या क्षेत्राचे स्वरूप ऋतूनुसार बदलत असते. पावसाळ्यात खंडांत पाणी येते व बाभळीच्या झाडांवर चित्रबलाक, करकोचे आणि बगळे यांची वीण होते. हिवाळ्यात उत्तरेकडून बदके व हंस येतात. उन्हाळ्यात पाणी आटून मासे उरल्यासुरल्या डबक्यांत गोळा होतात. त्यामुळे एका भेटीत घेतलेली नोंद येथे निरुपयोगी ठरते. त्याच खंडात, त्याच पद्धतीने, वर्षानुवर्षे नोंद घेणे हाच एकमेव मार्ग असतो. माणसे बदलली तरी पद्धत बदलू न देणे, ही अशा पथकाच्या प्रमुखाची खरी जबाबदारी होय.

हा अभ्यास चालू असतानाच एक गंभीर घटना घडली. राष्ट्रीय उद्यान घोषित झाल्यानंतर नोव्हेंबर १९८२ मध्ये तेथे चराईस पूर्ण बंदी करण्यात आली. आसपासच्या गावांतील म्हशी पिढ्यान्‌पिढ्या घनात चरत असत. ग्रामस्थांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात काही ग्रामस्थ मृत्युमुखी पडले. गुरे हटविल्यास पक्ष्यांचे रक्षण होईल, हा विचार त्या काळी सर्वमान्य होता व डॉ. सलीम अली यांचाही बंदीस पाठिंबा होता.

पथकाच्या पुढील वर्षांतील नोंदींनी मात्र वेगळेच चित्र समोर आणले. म्हशी थांबल्याबरोबर पॅस्पॅलम डिस्टिकम हे पाण्यात व ओल्या जमिनीवर पसरणारे गवत झपाट्याने वाढले. उथळ पाण्याचे उघडे पृष्ठभाग झाकले गेले आणि माशांच्या व अनेक पाणपक्ष्यांच्या अधिवासावर त्याचा प्रतिकूल परिणाम झाला. ज्या म्हशींना शत्रू मानले होते, त्याच या गवताची वाढ रोखून धरत होत्या, असा निष्कर्ष अहवालात निघाला. संरक्षणाच्या बाजूने उभ्या असलेल्या संस्थेनेच आपल्या पूर्वीच्या गृहीतकाविरुद्ध पुरावा प्रसिद्ध केला, ही या अभ्यासाची सर्वांत मोलाची बाब होय. मात्र सत्य हाती येईपर्यंत माणसांचे प्राण गेले होते, हेही विसरता येत नाही. जे गुराख्यांना अनुभवाने ठाऊक असणे शक्य होते, ते शास्त्राला कळण्यास दहा वर्षे लागली. गुराख्यांचे म्हणणे नोंदविण्यासाठी नोंदवहीत रकानाच नव्हता.

निष्कर्ष

१. पाणथळ प्रदेशाचे ज्ञान एकाच हंगामातून मिळत नाही; ते सातत्यपूर्ण व समान पद्धतीच्या नोंदींतूनच सिद्ध होते.
२. क्षेत्रीय पथकाचे यश स्थानिक कौशल्यावर अवलंबून असते. परंतु त्या कौशल्याची दखल लिखित इतिहासात अपवादानेच घेतली गेली.
३. निरीक्षणाआधी निर्णय घेतल्यास त्याची किंमत निसर्ग व समाज या दोहोंना मोजावी लागते.

समारोप

१९८५ मध्ये केवलादेवचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तरीही २००२ नंतर तेथे सायबेरियन क्रौंच दिसला नाही व गंभीर नदीवरील पांचना धरणाच्या पाण्यावरून शेतकरी आणि उद्यान यांच्यात नवा संघर्ष उभा राहिला. दुसरीकडे, १९८७ पासून दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेमुळे हे कार्य सामान्य स्वयंसेवकांपर्यंत पोहोचले आहे. निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वर हे २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. तेथेही एक बंधारा आहे, सिंचनाची गरज आहे, मासेमार व शेतकरी आहेत. भरतपूरच्या इतिहासापासून बोध घ्यावयाचा असेल, तर आपल्या महाविद्यालयीन गणना-पथकांनी पक्ष्यांच्या संख्येबरोबरच काठावरील माणसांचे म्हणणे, त्यांच्या नावासह, नोंदविण्यास प्रारंभ करावा. पुढील पिढीच्या इतिहासकारास त्या नोंदींची गरज भासल्याशिवाय राहणार नाही.